पुठ्ठ्याचा भाव

रात्री अकरा त्रेपन्नला
मी सहकारनगरच्या गॅलरीत उभी,
अंगठा तयार ठेवून.
कार्टमध्ये नऊ वस्तू.
त्यातल्या चार मला हव्या आहेत
हे संध्याकाळपर्यंत मलाच माहीत नव्हतं.

वर लाल अक्षरांत सेकंद गळतायत.
अभ्यंगस्नानाला उठवतानासुद्धा
मला कुणी एवढी घाई केली नव्हती.

मिक्सर बासष्ट टक्क्यांनी उतरलाय.
माझा जुना बिघडलाय असं नाही,
झाकणाच्या कडेनं जरा गळतो,
चटणी वाटली की ओटा हिरवा.
तपकीर गल्लीतले लोणकर मागेच म्हणाले होते,
वॉशर गेलाय, पस्तीस रुपये, घेऊन या.
पस्तीस रुपयांसाठी बुधवारात पार्किंग शोधायचं?
त्यापेक्षा साडेतीन हजार घरबसल्या जातात.

बाराला दाबलं.

तीन दिवसांत तीन खोकी.
शेवटचं आणणारा पोरगा पाच मजले चढून आला,
कारण लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी आहे.
पाटी आमच्याच सोसायटीची,
ठरावावर सही माझीही.
ओटीपी सांगताना मी त्याच्या कपाळाकडे बघितलं नाही.
पाणी विचारेपर्यंत
चपला दोन मजले खाली वाजत होत्या.

खोक्यात खोकं, त्यात हवा भरलेल्या पिशव्या,
आणि तळाशी, चोरून बसल्यासारखी,
चहाची एक गाळणी.

वसुबारसेच्या सकाळी गेटपाशी कौसाताई.
पुठ्ठ्यांखाली तिची ढकलगाडी दिसत नव्हती.
मी म्हटलं, चला, तुमचीही दिवाळी झाली!
ती हसली नाही.
"कसली वो. सगळ्या पुण्याचा पुठ्ठा एकदम येतो,
भंगारवाला भाव पाडतो.
अकराचा सात केलाय किलोला.
आमच्यात बी सेल लागतो, ताई.
फकस्त आमी विकणाऱ्या."

त्याच दुपारी लक्ष्मी रोड.
दोनावर दोन फुकट, असा कुर्त्यांचा डोंगर.
एक उचलला, शिवण उलटून बघितली,
दोरे लोंबत होते, कुणीतरी घाईत उठून गेल्यासारखे.
विचारलं, हे शिवलं कुणी?
विक्रेता म्हणाला, "मशीननं.
साईज सांगा."

मी साईज सांगितली नाही.
एवढंच. क्रांती वगैरे काही नाही.
बाहेर येऊन तिखटमीठ लावलेला पेरू खाल्ला
आणि पिशवी नको म्हटल्याचा
उगाच थोडा अभिमान वाटून घेतला.

मिक्सर परत पाठवला.
परत गेलेल्या वस्तूचं पुढं काय होतं
हे ॲपवर कुठंच लिहिलेलं नाही.
जुना घेऊन लोणकरांकडे गेले.
पस्तीसचे चाळीस झाले होते,
घासाघीस करायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

पाडव्याला खाली उतरले, हात रिकामे.
कौसाताईनं हाताकडे बघितलं.
"आज काय नाय का?"
तेव्हा लागलं:
मी घेतलं तर तिचा भाव पडतो,
नाही घेतलं तर तिचं वजन.
माझ्या शहाणपणाचा हिशोबही
तिच्याच काट्यावर.

"टेप असली की किलोमागं रुपया कापतो मेला,"
ती पुटपुटली, नखानं उचकटत.
मी वर गेले, भाजीची सुरी आणली,
पायरीवर तिच्या शेजारी बसले.
देवस्थळींच्या बुटांचं खोकं, सातपुत्यांचा टीव्ही,
बी विंगमधल्या त्या नव्या जोडप्याचं
न वाचता येणारं काहीतरी.
ती खोकं दाबून चपटं करायची,
मी टेप ओढायची,
टेपबरोबर लेबलं निघायची, लेबलांवर नावं.

लिफ्टमधून उतरणारे बघून जात होते.
कुणी म्हणालं, शुभ दीपावली.

सुरी चिकट झाली होती.
माझं नाव तीनदा निघालं.
तिसऱ्या वेळी कौसाताईनं वाचलं,
अक्षर अक्षर जुळवत,
आणि पहिल्यांदा हसली.